डीसीपी-ओ-मॅटिक: स्वतंत्र सिनेमाला थिएटरच्या पडद्यापर्यंत नेणारं मोफत सॉफ्टवेअर

एडिट लॉक होतं, ग्रेडिंग (रंगांची अंतिम जुळवणी) उरकतं, ध्वनीचा मिक्स हातात येतो आणि निर्मात्याच्या खात्यात जेमतेम सेन्सॉरच्या फीपुरते पैसे उरतात. नेमकी तेव्हाच डीसीपीची (डिजिटल सिनेमा पॅकेज, म्हणजे थिएटरात वाजणारी सिनेमाची डिजिटल प्रत) मागणी येते. महोत्सवाला डीसीपी हवी, सेन्सॉरच्या स्क्रीनिंगसाठी प्रिव्ह्यू थिएटरला हवी, फिल्म सोसायटीच्या खेळालाही तीच विचारतात. मोठ्या निर्मितीत हे काम पोस्ट-प्रॉडक्शनच्या पॅकेजात बसून जातं. छोट्या सिनेमात मात्र ते मिनिटाच्या दराने वेगळं मोजावं लागतं. वर सबटायटलमध्ये एक वेलांटी चुकली की पुन्हा लॅबच्या दारात उभं राहायचं.

डीसीपी-ओ-मॅटिक हे या खर्चावरचं उत्तर आहे. कार्ल हेथरिंग्टन यांनी लिहिलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. वापरायला पैसे लागत नाहीत आणि बनवलेल्या डीसीपीवर वॉटरमार्क येत नाही. वेबसाइटवर देणगीची सोय आहे. एखादा सिनेमा यातून बाहेर पडला तर थोडे पैसे तिथे जरूर पाठवावेत, कारण हे काम वर्षानुवर्षं चालू ठेवणं सोपं नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नीट वापरलं तर यातून निघणारी डीसीपी पडद्यावर महागड्या लॅबच्या डीसीपीपेक्षा उणी दिसत नाही. लॅबकडे एकच जास्तीची गोष्ट असते, ती म्हणजे तपासणी. तयार झालेली डीसीपी थिएटरच्या खऱ्या सर्व्हरवर (सिनेमा साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर) चढवून, खऱ्या पडद्यावर कुणीतरी डोळ्यांनी पाहणं. सॉफ्टवेअरने जे पैसे वाचतात त्यातले थोडे प्रिव्ह्यू थिएटरच्या एका स्लॉटवर घातले नाहीत, तर ही बचत पहिल्याच शोला अंगाशी येऊ शकते.

आधी डीसीपीत असतं काय

डीसीपी म्हणजे एक फोल्डर. चित्राची एमएक्सएफ फाइल, ध्वनीची एमएक्सएफ फाइल आणि त्यांची यादी, क्रम व तपासणीचे आकडे सांगणाऱ्या काही एक्सएमएल फायली. चित्रातली प्रत्येक फ्रेम जेपेग २००० पद्धतीने स्वतंत्र दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असते आणि रंग एक्सवायझेड या रंगअवकाशात (कलर स्पेस) असतात. ध्वनी कुठल्याही दाबाशिवाय, २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. चित्राचा बिटरेट (दर सेकंदाला लागणारी माहिती) सेकंदाला २५० मेगाबिटच्या वर नेता येत नाही.

यातल्या प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे तपासणीचा आकडा, यादीत नोंदलेला असतो. म्हणून तयार फोल्डरमधल्या फायलीचं नाव बदललं किंवा एक्सएमएल उघडून एखादं अक्षर जरी दुरुस्त केलं, तरी सर्व्हर ती डीसीपी घ्यायला नकार देतो. नाव चुकलं असेल तर ते सॉफ्टवेअरमध्येच बदलायचं आणि डीसीपी पुन्हा बनवायची. चित्र बदललेलं नसेल तर ते पुन्हा एन्कोड होत नाही, म्हणजे जेपेग २००० मध्ये पुन्हा दाबलं जात नाही, काम काही मिनिटांत उरकतं.

चित्र: सगळ्यात जास्त चुका इथेच

प्रोजेक्ट उघडून फाइल टाकायची. एच डॉट २६४ ची एमपी४ चालते, पण ती टाकू नये. आधीच दाबलेलं चित्र पुन्हा दाबलं की रात्रीच्या दृश्यांत अंधाराचे पट्टे उमटतात. प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा त्याहून वरचं, डीएनएक्सएचआर, नाहीतर सरळ टिफ सिक्वेन्स (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) घ्यावा.

मग चौकट. डीसीपीला दोनच नेहमीच्या चौकटी असतात: फ्लॅट, म्हणजे १९९८ बाय १०८०, आणि स्कोप, म्हणजे २०४८ बाय ८५८. आपल्याकडचं बहुतेक स्वतंत्र काम १९२० बाय १०८० किंवा त्याच्या दुप्पट आकारात, म्हणजे १६:९ मध्ये तयार होतं. ते फ्लॅटमध्ये ठेवलं की डावी-उजवीकडे ३९-३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. थिएटरात त्या फारशा कुणाच्या लक्षात येत नाहीत. पट्ट्या नकोच असतील तर चित्र त्याच प्रमाणात १९९८ रुंदीपर्यंत मोठं करायचं. त्यात वरून-खालून साधारण २२-२२ ओळी कापल्या जातात. डोक्याला घट्ट लावलेल्या क्लोज-अपमध्ये तेवढंही टोचतं, तेव्हा असे शॉट पाहूनच ठरवावं.

खरी गडबड स्कोपमध्ये होते. दिग्दर्शकाला स्कोप हवा असतो म्हणून एडिटर १६:९ च्या टाइमलाइनवर काळ्या पट्ट्या टाकून देतो आणि तशीच फाइल एक्स्पोर्ट होते. तिच्यात खरं चित्र १९२० बाय ८०४ एवढंच असतं, वर १३८ आणि खाली १३८ ओळी काळ्या. ही फाइल तशीच फ्लॅटमध्ये ढकलली तर रुंद पडदा असलेल्या थिएटरात चारही बाजूंनी काळं आणि मध्ये टपालाच्या पाकिटाएवढा सिनेमा दिसतो. उपाय अगदी सोपा आहे. कन्टेन्टच्या (आत घेतलेल्या फाइलच्या) व्हिडिओ टॅबमध्ये वरून १३८, खालून १३८ क्रॉप द्यायचा आणि डीसीपी टॅबमध्ये कन्टेनर (चौकट) स्कोप निवडायचा. १९२० चं २०४८ होतं, ८०४ चं ८५८ होतं, चौकट भरते. मूळ फाइल यूएचडी, म्हणजे दुप्पट आकाराची, असेल तर क्रॉपचे आकडे दुप्पट, म्हणजे २७६. अर्थात एडिटरने पट्ट्या कुठे टाकल्यात ते मोजून घ्या. कुणी २.३५ ची पट्टी लावतं, कुणी २.३९ ची, आणि दोन ओळींचा फरकसुद्धा पडद्याच्या काठावर काळी रेघ बनून दिसतो.

रंगाचं खातंही नीट समजून घ्यावं लागतं. कन्टेन्ट रेक ७०९ (एचडी व्हिडिओचं रंगमानक) मध्ये आहे म्हणून आपण यादीतलं 'रेक ७०९' निवडतो आणि पुढे जातो. पण या प्रीसेटमध्ये गॅमा (उजेड-अंधाराच्या छटांचा वक्र) २.२ धरलेला आहे. ग्रेडिंग २.४ गॅमाच्या मॉनिटरवर झालं असेल (डीआय सूटमध्ये, म्हणजे ग्रेडिंगच्या खोलीत, बहुधा तेच असतं) तर पडद्यावर काळा रंग किंचित राखाडी होतो आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं. अशा वेळी २.४ गॅमा धरणारं 'रेक १८८६' निवडायचं. कलरिस्टला एकच प्रश्न विचारायचा, मॉनिटर किती गॅमावर होता? उत्तर लिहून घ्यावं, आठवणीवर सोडू नये.

तिसरा मुद्दा रेंजचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे कुठून कुठवर धरले आहेत त्याचा. काही फायलींवर रेंजची खूण चुकीची किंवा गायब असते. फुल रेंजची फाइल व्हिडिओ रेंज समजून वाचली की सावल्या काळ्याकुट्ट होतात आणि उजळ भाग जळतात. उलट झालं की सगळं फिकट. व्हिडिओ टॅबमध्ये रेंज हाताने बदलता येते. एक रंगपट्टी किंवा शुद्ध काळी फ्रेम सुरुवातीला ठेवून पाहिलं की लगेच कळतं.

फ्रेम रेट: २४ म्हणजे २४

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमवर शूट झाला असेल तर काही करायचं नाही. २३.९७६ वर असेल तर सॉफ्टवेअर तो २४ वर चालवतं आणि ध्वनी त्या हिशेबाने रीसॅम्पल करतं. दोन तासांचा सिनेमा सुमारे सात सेकंदांनी लहान होतो, कुणाला कळत नाही. २५ वर शूट केलेलं असेल तर मात्र विचार करा. टीव्हीच्या सवयीने आपल्याकडे बरेच जण २५ वर शूट करतात. एसएमपीटीई या नव्या स्टँडर्डच्या डीसीपीत २५ फ्रेम चालतात आणि बहुतेक नवे सर्व्हर त्या वाजवतात, पण परदेशी महोत्सव अनेकदा २४ च मागतात. २५ चं २४ केलं की सिनेमा चार टक्के लांबतो आणि आवाज खाली उतरतो. संवादाला ते चालून जातं. गाण्याला आणि तबल्याला चालत नाही. तेव्हा ही गोष्ट शूटिंगच्या आधी कॅमेरामनशी बोलून ठरवावी.

सबटायटलचा घोळ याच्याच पोटात आहे. सबटायटलच्या एसआरटी फाइलमध्ये फ्रेम नसतात, वेळ असते. ती २५ च्या टाइमलाइनवर बनली आणि डीसीपी २४ ची निघाली, तर पहिल्या दृश्यात सबटायटल बरोबर बसतं आणि शेवटच्या दृश्यात कितीतरी आधी येऊन जातं. टायमिंग टॅबमध्ये ही फाइल कोणत्या फ्रेम रेटसाठी बनली होती ते सांगायची जागा आहे. तिथे २५ लिहिलं की हिशेब जुळतो. तपासताना नेहमी शेवटची दहा मिनिटं पाहावीत, पहिली नाहीत.

देवनागरी सबटायटल

इंग्रजी सबटायटल स्वतंत्र टाइम्ड टेक्स्ट (वेळा लावलेला, चित्राबाहेरचा मजकूर) म्हणून दिली तरी चालतात. देवनागरीचं तसं नाही, आणि मॅन्युअल वाचून हे लक्षात येईलच असं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

टाइम्ड टेक्स्ट म्हणून दिलेला मजकूर थिएटरचा सर्व्हर किंवा प्रोजेक्टर स्वतः रंगवतो. फॉन्ट आपण सोबत देतो, पण अक्षरं जोडायचं काम त्या यंत्राचं. अनेक यंत्रांना देवनागरीची जोडणी येत नाही. मग 'किती' मधली पहिली वेलांटी 'क' च्या मागे जाऊन पडते, 'प्रश्न' चे तुकडे होऊन प, हलन्त, र, श, हलन्त, न असे सुटे दिसतात, रफार अधांतरी लटकतो. संगणकावर सगळं छान दिसत असतं, कारण तिथे जोडणी संगणक करतो.

म्हणून देवनागरी मजकूर चित्रातच भाजावा. टाइम्ड टेक्स्टच्या टॅबमध्ये 'बर्न' चा पर्याय आहे, तो लावला की अक्षरं सॉफ्टवेअर स्वतः रंगवतं आणि जोडाक्षरं बिनचूक येतात. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' आहे का ते पाहा. पुष्कळ देवनागरी फॉन्टांत ते हिंदी वळणाचे असतात आणि पडद्यावर मोठे झाले की डोळ्यांना खुपतात. भाजण्याचा तोटा एकच: एक शब्द चुकला तरी चित्र पुन्हा एन्कोड करावं लागतं. त्यामुळे मुद्रितशोधन आधी, तेही सिनेमा न पाहिलेल्या माणसाकडून.

सॉफ्टवेअरमधली 'हिंट्स' ची खिडकी इथे फार उपयोगी पडते. पहिलं सबटायटल सुरुवातीच्या चार सेकंदांत असेल, एखादं पंधरा फ्रेमपेक्षा कमी टिकत असेल, दोन सबटायटलांमध्ये दोन फ्रेमचंही अंतर नसेल, तीनपेक्षा जास्त ओळी असतील किंवा ओळ फार लांब असेल, तर ती सांगते. ध्वनीचे शिखर फार वर जात असेल तरी सांगते. 'मेक डीसीपी' दाबण्याआधी ही यादी रिकामी करावी, किंवा प्रत्येक ओळीला आपल्याकडे उत्तर असावं.

ध्वनी

५.१, म्हणजे सहा चॅनेलच्या मिक्सच्या सहा मोनो फायली घ्याव्यात आणि फायलींच्या नावाच्या शेवटी चॅनेल लिहावा. सॉफ्टवेअर नावावरून चॅनेल ओळखतं. एकाच सहा चॅनेलच्या फाइलमध्ये क्रमाचा घोळ होतो. डीसीपीचा क्रम डावा, उजवा, मधला, सबवूफर, डावा सराउंड, उजवा सराउंड असा आहे, आणि काही मिक्स स्टुडिओ फिल्मच्या जुन्या क्रमाने डावा, मधला, उजवा असं देतात. न पाहता टाकलं की संवाद उजव्या स्पीकरमधून येतात आणि प्रेक्षक माना वळवतात. ऑडिओ टॅबमधला चौकटींचा तक्ता हिरव्या खुणांसह उघडून एकदा प्रत्येक ओळ वाचावी.

मिक्सच्या फायलींवर बहुधा टू-पॉप असतो, पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधीची 'टिक'. सिंक जुळवायला तो उत्तम. सिंक पटल्यावर टायमिंगमध्ये ट्रिम करून तो काढायचा.

फक्त स्टिरिओ मिक्स असेल तर? तो तसाच टाकला तर मधला स्पीकर मुका राहतो. पहिल्या रांगेत कडेला बसलेल्याला संवाद एकाच बाजूने ऐकू येतात. सॉफ्टवेअरमध्ये मिड-साइड डिकोडर आहे, तो दोन्ही बाजूंना सारखं असलेलं मधल्या चॅनेलला पाठवतो, म्हणजे बहुतेक संवाद मध्ये येतात. स्टिरिओचं ५.१ करणारे दोन अपमिक्सरही आहेत. लघुपटाला डिकोडर पुरतो. पूर्ण लांबीच्या सिनेमाला मात्र खरा ५.१ मिक्स हवाच, तिथे हे उपाय तात्पुरते आहेत. ओटीटीसाठी लॅपटॉपच्या स्पीकरवर केलेला मिक्स थिएटरात कर्कश वाटतो, आणि ते डीसीपी बनवताना दुरुस्त होत नाही. डॉल्बी अ‍ॅटमॉसची तयार फाइल हे सॉफ्टवेअर आत घेतं, पण नवा अ‍ॅटमॉस मिक्स बनवून देत नाही.

चॅनेलची संख्या विषम ठेवू नये आणि सहापेक्षा कमी तर मुळीच नको. सातवा चॅनेल कमी ऐकू येणाऱ्यांसाठीच्या ट्रॅकचा, आठवा अंध प्रेक्षकांसाठीच्या वर्णनाचा. माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये थिएटरांतल्या सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. इफ्फी आणि राष्ट्रीय पुरस्कारांसाठी पाठवायच्या सिनेमांना क्लोज्ड कॅप्शन आणि ध्वनिवर्णन लागू झालं ते त्यातूनच. ही दोन्ही कामं डीसीपी-ओ-मॅटिकमध्ये होतात. ध्वनिवर्णन लिहून, रेकॉर्ड करून घेणं हे मात्र वेगळं आणि कसबाचं काम आहे, त्याचा खर्च बजेटमध्ये सुरुवातीपासून धरावा.

सेन्सॉर, तंबाखू आणि इंटरव्हल

हे तिन्ही आपल्याकडचे खास विषय. परदेशी मॅन्युअलमध्ये त्यांचा पत्ता नसतो.

सर्टिफिकेटची पाटी सिनेमाच्या सुरुवातीला लावावी लागते, आणि ती हातात येते सिनेमा पूर्ण झाल्यावर, कित्येकदा रिलीजच्या तोंडावर. २०२४ च्या नव्या नियमांनंतर यूए मध्येही ७+, १३+ आणि १६+ असे प्रकार झालेत, त्यामुळे पाटी आधी अंदाजाने बनवून ठेवण्यात अर्थ नाही. तंबाखूचं सेवन दाखवलं असेल तर २०१२ पासूनच्या नियमांनुसार सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांचा आरोग्यविषयक स्पॉट, किमान २० सेकंदांचं दृकश्राव्य डिस्क्लेमर आणि त्या त्या दृश्यांत खाली स्थिर इशारा लागतो. इशारा चित्रातच हवा, तेव्हा तो एडिटच्या टप्प्यावर टाकून घ्या.

पाटीसाठी सगळा सिनेमा पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. आधी फक्त मुख्य सिनेमाची डीसीपी बनवून ठेवायची. सर्टिफिकेट आलं की नवा प्रोजेक्ट उघडायचा, 'अ‍ॅड डीसीपी' ने ती तयार डीसीपी आत घ्यायची आणि तिच्या आधी पाटीची टिफ आणि स्पॉट लावायचे. चौकट आणि फ्रेम रेट तेच ठेवले, क्रॉप किंवा स्केल काही केलं नाही, तर सॉफ्टवेअर आधीच्या जेपेग २००० फ्रेम जशाच्या तशा उचलतं. फक्त पाटी आणि स्पॉट नव्याने दाबले जातात. रात्रभराचं काम फाइल कॉपी करायला लागेल तेवढ्या वेळावर येतं. या एका सोयीसाठीसुद्धा हे सॉफ्टवेअर शिकून घ्यावं असं आमचं मत आहे.

इंटरव्हलला रील (डीसीपीचा एक तुकडा) तोडायची असते. डीसीपी टॅबमध्ये रील 'कस्टम' करून नेमकी फ्रेम देता येते. काही थिएटरं पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा दोन स्वतंत्र प्लेलिस्ट मागतात, काहींना एकच लागते. विचारल्याशिवाय ठरवू नका. मार्करच्या खिडकीत शेवटची श्रेयनामावली कुठे सुरू होते तेही भरावं, कारण जिथे दिवे आपोआप लागतात तिथे ते त्या खुणेवर लागतात. ती नसली की शेवटच्या शॉटवरच दिवे येण्याचा धोका.

बिटरेट, वेळ आणि जागा

बिटरेट जास्तीत जास्त ठेवावा असा मोह होतो. दोन तासांचा सिनेमा २५० ला सुमारे २२५ जीबी होतो, १५० ला १३५ आणि १०० ला ९० जीबी. दाणेदार, कमी उजेडातल्या सिनेमाला १५० ते २०० द्यावा, स्वच्छ चित्राला १०० ते १२५ पुरतो. कमाल मर्यादेला टेकलं की जुने सर्व्हर अडखळतात.

दोन तास म्हणजे १,७२,८०० फ्रेम. हे काम प्रामुख्याने सीपीयूवर होतं. यंत्राने सेकंदाला दहा फ्रेम काढल्या तर पाच तासांच्या आत आटपतं, पाचच निघाल्या तर साडेनऊ तास. ऑफिसमध्ये आणखी दोन-तीन संगणक असतील तर त्यांवर सोबतचा 'एन्कोड सर्व्हर' चालू करावा, त्याच नेटवर्कवर असतील तर ते आपोआप वाटून काम करतात. वीज गेली तरी घाबरायचं कारण नाही, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. ४के च्या नादाला लागू नये. वेळ चौपट लागतो, आणि बहुसंख्य पडदे २के चेच आहेत.

स्टँडर्ड एसएमपीटीई ठेवावं. इंटरॉप हे जुनं स्टँडर्ड फक्त समोरच्याने स्पष्ट मागितलं तर. नावासाठी 'आयएसडीसीएफ नेम' (डीसीपीच्या नावाची ठरलेली पद्धत) ची खूण चालू ठेवली की सिनेमाचा प्रकार, चौकट, भाषा, ध्वनी, तारीख सगळं ओळीने त्यात येतं. प्रोजेक्शनवाला यादीत हेच नाव वाचून तुमचा सिनेमा शोधतो, म्हणून शीर्षक रोमन लिपीत आणि आखूड लिहावं. देवनागरी शीर्षक सर्व्हरच्या यादीत चौकोन बनून येऊ शकतं.

डिस्क

थिएटरचे सर्व्हर लिनक्सवर चालतात. त्यांना एक्सटी२ किंवा एक्सटी३ फॉरमॅटची, एकच पार्टिशन असलेली डिस्क सगळ्यात सोपी जाते. एनटीएफएस बऱ्याच ठिकाणी वाचली जाते, पण खात्री नाही. एक्सफॅटवर विसंबून राहू नये. मॅक आणि विंडोजवाल्यांची इथे अडचण व्हायची. आता सोबत 'डिस्क रायटर' नावाचं वेगळं साधन येतं, ते डिस्क फॉरमॅट करून, डीसीपी लिहून, तपासूनही देतं. ते संपूर्ण डिस्क पुसतं, तेव्हा चुकून रशेसची (शूटिंगच्या मूळ फायलींची) डिस्क निवडली तर सगळं शूट गेलं. ते चालवताना बाकीच्या सगळ्या डिस्का काढून ठेवाव्यात.

ऑनलाइन पाठवायचं असेल तर अपलोडचा वेग आधी मोजा. १०० जीबी सेकंदाला २० मेगाबिटने चढायला अकरा तास लागतात. आणि क्लाउड ड्राइव्हवरून फोल्डर उतरवताना त्याचे तुकडे वेगवेगळ्या झिपमध्ये पडतात, मोठी एमएक्सएफ बाहेर राहते. उतरवल्यावर सॉफ्टवेअरच्याच व्हेरिफायने डीसीपी तपासून घ्यायला समोरच्याला सांगा.

एन्क्रिप्शन आणि केडीएम

एन्क्रिप्शनची (डीसीपीला कुलूप लावण्याची) खूण सोपी आहे, नंतरची जबाबदारी नाही. एन्क्रिप्ट केलेली डीसीपी वाजवायला प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी केडीएम (ते कुलूप ठरावीक मुदतीत उघडणारी किल्लीची फाइल) लागते, आणि ती त्या सर्व्हरच्या डिजिटल सर्टिफिकेटवरून (सेन्सॉरच्या नव्हे) बनते. थिएटरने सर्व्हर किंवा मीडिया ब्लॉक (डीसीपी उलगडणारं यंत्र) बदलला की जुनी केडीएम निरुपयोगी. मुदत भरताना आपली वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) अधिक साडेपाच तास आहे हे सांगायला विसरू नका. ते शून्यावर राहिलं तर सकाळी नऊपासून म्हणून दिलेली केडीएम दुपारी अडीचला उघडते, आणि बाराचा शो गेला. मुदत शोच्या आदल्या दिवसापासून द्यावी, म्हणजे तपासणीला वाव मिळतो.

दोन-चार महोत्सव आणि फिल्म सोसायट्यांचे खेळ असतील तर एन्क्रिप्शन न लावलेलंच बरं. बहुतेक महोत्सवही तेच सुचवतात.

जिथे हे सॉफ्टवेअर पुरत नाही

व्यावसायिक रिलीजचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे असंख्य पडद्यांवरची यंत्रणा यूएफओ किंवा क्यूबसारख्या कंपन्यांनी भाड्याने दिलेली असते, आणि सिनेमा त्यांच्यामार्फतच तिथे पोचतो. पडद्यागणिक आकारली जाणारी व्हर्च्युअल प्रिंट फी निर्मात्याला भरावी लागते. याच फीवरून मार्च २०१८ मध्ये दक्षिणेतल्या निर्मात्यांनी नवे सिनेमे लावणं थांबवलं होतं. भाड्याच्या यंत्रांवर दुसऱ्यांचा कन्टेन्ट घेण्यावर थिएटरांना बंधनं घातल्याच्या प्रकरणात स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये या दोन्ही कंपन्यांना दंड केला. डीसीपी घरी बनवली म्हणून यातली फी टळत नाही. त्यांच्या लॅबला विनाएन्क्रिप्शनची नीट डीसीपी दिली तर रंग-चौकटीचा निर्णय मात्र तुमच्या हातात राहतो. ती त्यांना थेट चालते की प्रोरेस मास्टरही लागतो, हे करार करतानाच लेखी विचारून घ्यावं.

बाकीच्या उणिवा किरकोळ आहेत. सोबतचा प्लेअर साध्या लॅपटॉपवर पूर्ण आकारात अडखळतो, डिकोड निम्म्यावर आणून पाहावं लागतं. त्यावर रंगाचा अंतिम निवाडाही करू नये. सॉफ्टवेअरच्या खिडक्यांची मांडणी रुक्ष आहे, पण मोफत मिळणारं मॅन्युअल उत्तम आहे, एका बैठकीत वाचून होतं. टेस्ट आवृत्त्या डाउनलोडच्या पानावर असतात, अंतिम डीसीपीसाठी त्या वापरू नयेत.

पैसे देऊन पर्याय हवा असेल तर दा विंची रिझॉल्व्ह स्टुडिओतून थेट डीसीपी काढता येते. ग्रेडिंग त्यातच झालं असेल तर ते सोयीचं. केडीएम, डिस्क लिहिणं, 'हिंट्स' चे इशारे, तयार डीसीपीला पाटी जोडणं यांसाठी तरीही डीसीपी-ओ-मॅटिककडेच यावं लागतं.

प्रिव्ह्यू थिएटरात काय पाहायचं

एक तासाचा स्लॉट मिळाला तर सगळा सिनेमा पाहायच्या मागे लागू नका. डिस्क सर्व्हरवर चढायलाच वेळ जातो, म्हणून ती आदल्या दिवशी देऊन ठेवावी. ध्वनीचा फेडर (आवाजाचं बटण) ७ वर ठेवायला सांगा. खाली ठेवून ऐकलं तर मिक्सची परीक्षा होत नाही. पहिली पाच मिनिटं, सगळ्यात अंधारं दृश्य, सगळ्यात उजळ दृश्य, एक गाणं, इंटरव्हलचा सांधा दोन्ही बाजूंनी आणि शेवटची दहा मिनिटं, एवढं पुरतं. एक जण मधल्या रांगेत, एक जण पहिल्या रांगेत कडेला, एक जण प्रोजेक्शन रूममध्ये. सबटायटल सगळ्यात मागच्या रांगेतून वाचता येतात का ते पाहा. पडद्याच्या चारही काठांवर डोळा फिरवा, क्रॉप चुकला असेल तर तिथेच रेघ दिसते.

तपासणी झाली की प्रोजेक्टचं अख्खं फोल्डर दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा. एन्क्रिप्ट केलेल्या डीसीपीची किल्ली त्यातल्या मेटाडेटाच्या एक्सएमएल फाइलमध्ये असते. ती हरवली आणि डीकेडीएमही (नव्या केडीएम बनवण्यासाठीची किल्ली) काढून ठेवलेली नसेल, तर पुढच्या वर्षी कुणी सिनेमा मागितला तरी नवी केडीएम बनवता येणार नाही आणि डीसीपी पहिल्यापासून करावी लागेल.